पट्टीच्या बुडाचा डाग

रविवारी दुपारी कोगुना बेटाच्या धक्क्यावर मासे कमी आणि माणसं जास्त असत. मासळी तोलायच्या पत्र्याच्या शेडखाली नबी जेकोनिया निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला असे. अंगात पायघोळ पांढरा झगा, छातीवर लाल क्रूस, पायांत मात्र रबरी चपला. समोरच्या टेबलावर पत्र्याची परात, परातीत सरोवराचं पाणी आणि शेजारी एचआयव्ही तपासणीच्या पट्ट्यांचा खोका. नबी आधुनिक होता. जुन्या नबींसारखं नुसता डोक्यावर हात ठेवून भागवणं त्याला कमीपणाचं वाटे.

"मी सांगतो म्हणून मानू नका, लेकरांनो!" तो ओरडायचा. "पट्टी सांगेल! पट्टी विज्ञानाची, हात देवाचा!"

आज स्टुलावर म्हातारा ओबुया होता. अर्ध्या बेटाच्या होड्या त्यानं बांधलेल्या. चेल्यानं त्याचं बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीच्या बुडाशी टेकवला, त्यावर बाटलीतल्या औषधाचा एक थेंब सोडला. पट्टीला पंधरा मिनिटं लागतात, म्हणून मापून तीन भजनं झाली. पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

"दोन!" नबी गरजला. "एक याची, एक सैतानाची!"

गर्दी हळहळली. मग ओबुयाचा हात परातीत बुडवण्यात आला. नबी इतका मोठ्यानं ओरडला की बगळे उडाले. चेल्यानं पांढऱ्या फडक्यानं ते बोट नीट पुसलं, पुन्हा परातीत बुडवलं आणि बोटावरून निथळणारा थेंब दुसऱ्या पट्टीवर घेतला. औषधाचा थेंब, तीन भजनं. रेघ एकच.

"एक! आणि पट्टी बघा, कापसासारखी पांढरी! रक्ताचा डाग तरी पडलाय का? अरे, धुतलेलं रक्त डाग पाडत नाही!"

बायकांनी जिभा हलवून आनंदाचा गजर केला. ओबुया रडायला लागला. बारा वर्षं रोज एक गोळी गिळणाऱ्या माणसाला 'आता पुरे' असं कोणी म्हटलं, तर तो रडणारच. त्यात त्याला हसण्यासारखं काही नाही. हसायचंच तर नबीच्या चपलांना हसावं. त्या दर रविवारी नव्या असत.

या सगळ्यापासून पन्नास पावलांवर, आपल्या घराच्या कुंपणाआड वाळूवर पसरलेल्या जाळ्यात ओमेना वाळत घालत अपोंडी एकटी बसली होती. बोटभर लांबीची ती चंदेरी मासळी उलटीपालटी करायला दोन माणसं लागतात. अपोंडी ते काम एकटीनं करायची.

तिचा नवरा ओलू सहा वर्षांपूर्वी वारला. बेटाच्या रिवाजाप्रमाणे विधवेनं एका पुरुषाबरोबर निजून 'शुद्ध' व्हायचं असतं. तोवर तिनं कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही आणि तिच्या चुलीवरचं कोणी खायचं नाही. रिवाजानं हे काम धाकट्या दिराकडे आलं. ओग्वेनो बिचारा अंघोळ करून, मान खाली घालून दाराशी येऊन उभा राहिला. अपोंडी म्हणाली, "घरी जा. अकोको वाट बघत असेल." तो सुटल्यासारखा हसला आणि गेला. सासू दोर्का मात्र हसली नाही. "माझ्या घराला ग्रहण लावलंस," म्हणाली, आणि तेव्हापासून अपोंडीच्या घराकडची वाट गवतानं बुजली.

अपोंडीनं नाही का म्हटलं, हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. ओलूकडून तिलाही तो आजार लागला होता. नुकताच कळला होता, गोळ्यांचा गुण अजून यायचा होता. शुद्ध करायला येणारा काय घेऊन जाईल, हे तिला ठाऊक होतं. ओग्वेनोही बाधित आहे, हे तेव्हा कोणालाच, त्यालाही, ठाऊक नव्हतं.

त्यातच पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दवाखान्यात एक संशोधन सुरू झालं. नवरा बाधित, बायको नाही, अशी जोडपी त्यांना हवी होती. रक्त तर घ्यायचंच, शिवाय पुरुषांचं वीर्य बाटलीत घ्यायचं, तासाभरात पलीकडे पोचवायचं. आठवी शिकलेली अपोंडी त्या बाटल्यांची पेटी नेई. वादळाला न भिणारे धिप्पाड मासेमार ती बाटली काखेत दडवून, चोरासारखे इकडेतिकडे बघत तिच्याकडे येत. चार वर्षं हे चाललं आणि बेटानं आपला अर्थ लावून टाकला: अपोंडी आपल्या पुरुषांचं बी विकते. कोणी म्हणे गोऱ्यांना मुलं होत नाहीत म्हणून, कोणी म्हणे जादूटोण्यासाठी. संशोधन संपून दोन वर्षं झाली तरी ती दर तीन महिन्यांनी पेटी न घेता पलीकडे जायची.

"अजून विकते, बघा," बायका म्हणायच्या.

ती स्वतःच्या गोळ्या आणायला जायची. पण 'बी विकणारी' हे नाव तिनं मुकाट्यानं घेतलं. खरं नाव सांगण्यापेक्षा ते हलकं वाटलं. एकटं पडायचंच आहे तर निदान खोट्या कारणानं पडावं, असा तिचा हिशेब होता.

या हिशेबात एकच माणूस बसत नव्हतं, ते म्हणजे जाऊ अकोको. ती घरात यायची नाही, पण निवडुंगाच्या कुंपणाशी उभी राहून बोलायची. ओग्वेनो बाधित, ती नाही. सहा वर्षं दोघं संशोधनाच्या आणि दवाखान्याच्या वाटेवर चालले होते. त्याचा कागद सलग तीन वर्षं 'विषाणू आढळला नाही' असा येत होता. नर्सनं त्यांना सांगितलं होतं, आता मूल होऊ द्या, धोका नाही.

त्या दिवशी भजनं संपल्यावर अकोको कुंपणाशी आली. गाल फुलले होते.

"जाऊबाई, तुम्हाला म्हणून सांगते. आम्ही आता मूल होऊ देणार."

"देवा! कधीपासून वाट बघतेय मी."

"आणि गोळ्यांचंही झंझट गेलं. ह्यांनी सोडल्या. सहा आठवडे झाले."

अपोंडीच्या हातातली मासळी वाळूत पडली.

"सोडल्या म्हणजे?"

"नबींनी धुतलंय की त्यांना! पहिल्याच रविवारी. एकच रेघ आली. ह्यांनी डबा उचलला आणि होडीतून पाण्यात टाकला."

"अकोको, वेडी आहेस का तू? सहा आठवडे? आणि या सहा आठवड्यांत तुम्ही..."

अकोको लाजली. मग तिचा चेहरा घट्ट झाला.

"तुमच्या दवाखान्याचाच कागद सांगत होता ना, आढळला नाही? कागदात नाही, पट्टीवर नाही. मग आहे कुठे तो? जाऊबाई, तुम्हाला आमचं बरं झालेलं बघवत नाही का?"

ती गेली. तिच्यामागून तरातरा चालणारी सासू दोर्का थांबली आणि कुंपणावरून म्हणाली, "स्वतःची कूस रिकामी, आता दुसरीच्या कुशीवर डोळा!"

अपोंडीनं वाळूतली मासळी एकेक करून उचलली. राग होताच, पण भीती रागापेक्षा मोठी होती. बेटावर तिच्याशी बोलणारं एकच माणूस होतं आणि ते या वेळी, याच आठवड्यांत, मरणाच्या वाटेला लागलेलं असू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ओग्वेनोला होडीपाशी गाठलं. तो जाळं शिवत होता.

"ओग्वेनो, तुझी पट्टी दाखव."

"वहिनी, भांडायला आली असशील तर जा. अंगात बैलाची ताकद आहे माझ्या."

"ती ताकद त्या गोळ्यांची आहे, तुझ्या नबीची नाही. दाखव म्हणते ना."

त्यानं परवान्यासारखी प्लास्टिकमध्ये जपलेली पट्टी काढली. अपोंडीनं ती उन्हात धरली. चार वर्षांत असल्या शेकड्यांनी पट्ट्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. वर एक रेघ होती. तिनं खाली बुडाशी पाहिलं, जिथे रक्ताचा थेंब टेकवतात. तिथे पांढरं स्वच्छ होतं.

त्या शेकडो पट्ट्यांत एकही बूड पांढरं नव्हतं. रेघ एक असो की दोन, रक्त लागलं की बुडाशी लाल-तपकिरी डाग राहतोच. चमत्काराचा पुरावा म्हणून नबी जे उचलून दाखवत होता, तीच त्याची चोरी होती.

"काय झालं?" ओग्वेनो म्हणाला.

"रविवारी ये धक्क्यावर," ती म्हणाली. "आणि तोवर अकोकोपासून लांब नीज. माझ्यासाठी एवढं कर."

त्यानं मान खाली घातली.

तो आठवडा तिला फार लांबलचक वाटला. नबीची लबाडी दाखवायची, तर बाधित रक्त हवं. आणि बेटावर ज्या रक्ताबद्दल ती शपथ घेऊ शकेल असं एकच रक्त होतं.

रविवारी ती गर्दीतून वाट काढत स्टुलावर जाऊन बसली. बायका अशा सरकल्या की तिच्याभोवती आपोआप रिंगण झालं.

नबीचे डोळे चमकले. "बघा! बी विकणारी आली! आज सैतान स्वतःच्या पायांनी आला!"

"तपासा, बाबा," अपोंडी म्हणाली.

रक्त, थेंब, तीन भजनं. दोन रेघा. मग कुजबुज सुरू झाली आणि ती अपोंडीला पाठीवर मुंग्या चढाव्यात तशी जाणवली. सासू दोर्का तोंडावर हात धरून मटकन खाली बसली. झालं. सहा वर्षं सांभाळलेलं गेलं.

मग परात, आरडाओरडा, पांढरं फडकं, निथळता थेंब, पुन्हा भजनं. एक रेघ. गजर झाला, पण जरा कमी.

"धुतली गेली! ऊठ, बाई, नाच!"

"नाचते," अपोंडी म्हणाली. "पण आधी आणखी दोन पट्ट्या घेते. तुमच्याच खोक्यातल्या." चेला 'अहो, अहो' करेपर्यंत तिनं त्या उचलल्या होत्या. शेजारच्या चहावालीचा कप घेऊन तिनं एका पट्टीच्या बुडाशी चहाचा थेंब टाकला. मग आपलंच धुतलेलं बोट सगळ्यांसमोर टोचलं आणि ते रक्त दुसऱ्या पट्टीला लावलं. दोन्हींवर औषधाचा थेंब सोडला. "आता पंधरा मिनिटं थांबायचं."

"भजन म्हणा!" नबी ओरडला. "मोठ्यानं म्हणा!"

"भजन नको," म्हातारा ओबुया म्हणाला. तो काठी टेकत पुढे आला होता. "ऐकलीत आम्ही भजनं. या बाईला बोलू द्या. हिनं चार वर्षं आमच्या काखेतल्या बाटल्या उचलल्या. त्या कशाला, ते आज सांगू दे."

पुरुषांत खसखस पिकली. अपोंडीला गर्दीसमोर बोलायची सवय नव्हती. ती समोरच्या होड्यांकडे बघून बोलली.

"तुम्ही ओमेना धरायला पाण्यावर दिवे का सोडता?"

"हे काय विचारणं झालं?" कोणीतरी म्हणालं. "उजेडाला किडे येतात, किड्यांमागं मासळी येते."

"मग जाळं ओढायचं."

"मग काय, आरती करायची?"

"त्या बाटल्यांत आम्ही दिवे बघत होतो," अपोंडी म्हणाली. "अंगात आजार शिरला की शरीर रसायनांनी हाका मारतं. या, धावा, इथे चोर आहे. हाक ऐकून शरीराचे राखणदार धावत येतात. सर्दी झाली तर ते बरंच असतं. पण या आजाराचा विषाणू राखणदारांच्याच पोटात घर करतो. बाधित पुरुषाच्या वीर्यात हे हाकांचे दिवे जास्त पेटलेले असतात. त्याच्या वीर्यात विषाणूही असतो आणि दिवेही. ते बायकोच्या अंगात गेलं की तिथे दिवे दिसतात, आणि तिचे राखणदार धावत दारापाशी येतात. नेमके तेच राखणदार, जे विषाणूला हवे असतात. जाळं आयतं भरतं."

कोणी हसलं नाही. दिव्याचं गणित त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

"परमा झाला, किंवा लघवीवाटे रक्त पडतं त्याकडे तुम्ही दुर्लक्ष केलंत, की त्या दिव्यांत आणखी तेल पडतं. माझ्या ओलूला दोन्ही होतं. तो गोळ्या घेत नव्हता. अंगात बैलाची ताकद आहे म्हणायचा." "तो वाईट नव्हता. त्याला कोणी सांगितलंच नाही."

"आणि गोळ्या?" अकोकोचा आवाज आला. ती गर्दीत मागे उभी होती.

"गोळी चोरालाच खोलीत कोंडते. सहा महिने नेमानं घेतली आणि कागद स्वच्छ आला, तर तो माणूस बायकोला आजार देत नाही. हे मी सांगत नाही, शेकडो जोडप्यांनी दाखवून दिलंय. पण कोंडलाय म्हणजे मेला नाही, अकोको. गोळी थांबली की दोन-चार आठवड्यांत दार फुटतं. कागद सांगतो चोर बाहेर फिरतोय का. पट्टी सांगते तो घरात कधी शिरला होता का. म्हणून गोळ्या घेणाऱ्याच्या पट्टीवरही दोनच रेघा येणार, माझ्यासारख्या. जन्मभर. त्यात लाज नाही."

"वेळ झाली," ओबुया म्हणाला.

अपोंडीनं पहिली पट्टी उचलली. एक रेघ.

"नबीबाबा, अभिनंदन. चहाला आजार नाही."

हशा असा फुटला की चहावालीनं आपला कप पदराखाली घेतला.

"ही वरची रेघ फक्त एवढंच सांगते की पट्टी चालू आहे. चहा टाका, सरोवर टाका, माशाचा रस्सा टाका, ती येणारच. चेला बोट पुसतो, पुन्हा बुडवतो आणि पट्टीला पाणी पाजतो. रक्त नाही म्हणून डाग नाही. डाग नाही म्हणून दुसरी रेघ नाही." तिनं दुसरी पट्टी वर धरली. बुडाशी लाल डाग होता आणि वर दोन रेघा. "हे माझं धुतलेलं रक्त. अर्ध्या तासापूर्वी धुतलेलं."

"हिची श्रद्धा कमी पडली!" नबी खुर्चीवरून उठत किंचाळला. "म्हणून आजार परत फिरला!"

"चहाची श्रद्धा दांडगी होती वाटतं," ओबुया म्हणाला आणि त्यानं आपलं म्हातारं बोट पुढे केलं. "टोच ग पोरी. या वेळी पुसायचं नाही."

नबी जेकोनिया दुपारच्या होडीनं गेला. कोणी त्याला मारलं नाही की अडवलं नाही. त्याची परात तेवढी चहावालीनं ठेवून घेतली.

ओग्वेनो त्याच होडीत बसला होता, नबीपासून सगळ्यात लांबच्या फळीवर, दवाखान्याच्या वाटेला. शेजारी अकोको. नर्सनं त्याच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. अकोकोला बाधा टाळायच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, आज पट्टीवर एकच रेघ आहे, पण आजच्या पट्टीवर जाऊ नका. तीन महिन्यांनी खरं कळेल.

त्या तीन महिन्यांत अपोंडीचं फार काही बदललं नाही. 'बी विकणारी' हे नाव गेलं. त्याच्या जागी नाव आलं नाही, नुसती शांतता आली. चहावाली तिचा कप तीनदा विसळायची. म्हातारा ओबुया वाटेत भेटला की काठी उचलायचा, बाकीचे दुसरीकडे बघायचे. ज्यांचा बाप, भाऊ तिच्यामुळे पुन्हा गोळ्यांवर आला होता, तेही बघायचे नाहीत. खरं सांगणाऱ्याचे लोक उपकार मानतात, असं पुस्तकात असतं. बेटावर ती मासळी एकटीच उलटीपालटी करत राहिली आणि संध्याकाळी एका माणसापुरती मक्याच्या पिठाची उगाली रांधत राहिली. कधी कधी तिला वाटे की खोटं नाव बरं होतं. मग अकोकोची आठवण येई आणि तिला असं वाटल्याची लाज वाटे. त्या दिवसापासून अकोको कुंपणाशी आली नव्हती.

तीन महिने भरल्यावर एका दुपारी होडी लागली आणि अकोको घरी न जाता सरळ गवतानं बुजलेल्या वाटेनं आली. तिनं कुंपण ओलांडलं. अंगण ओलांडलं. उंबऱ्याशी येऊन तिनं मुठीतला कागद उलगडला. आत पट्टी होती.

"नर्सनं सांगितलं मला काय ते," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "पण तुम्ही बघा. तुमच्याशिवाय मी आता कोणाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवत नाही."

अपोंडीनं हात मागे घेतला.

"माझ्याही डोळ्यांवर ठेवू नकोस. तुला डोळे आहेत ना? स्वतः बघ. आधी कुठे बघायचं?"

"बुडाशी."

"काय आहे?"

"डाग," अकोको म्हणाली. "लाल आहे. माझाच आहे."

"आता वर बघ."

अकोकोनं पट्टी उन्हाकडे धरली. "एक," ती म्हणाली. "जाऊबाई, एकच."

मग ती उंबऱ्यावर बसली. चुलीपाशी उगाली आणि ओमेनाचं कालवण झाकून ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही. ताट पुढे ओढलं, उगालीचा गोळा मोडून कालवणात बुडवला आणि तोंडात टाकला. तिचे पाय अजून अंगणात होते, पण हात ताटात होता. अपोंडी उभीच राहिली.

"मीठ कमी आहे," अकोको घास चावत म्हणाली.

सहा वर्षांत अपोंडीच्या स्वयंपाकाला कोणी नाव ठेवलं नव्हतं. ती मीठ आणायला आत गेली आणि मिठाचा डबा हातात धरून बराच वेळ तिथेच रडत उभी राहिली.